बिनपायांचं पाखरू

पार्से गावच्या सगुणाचा इंद्र जमिनीला पाय लावत नसे. ही कवीची भाषा नव्हे. खरोखरच लावत नसे. रंगपटात एकदा मुकुट डोक्यावर चढला की मंडळीतला कुणीतरी दांडगा गडी त्याला पाठीवर घेई, बसलेल्या लोकांतून वाट काढत मांडावर, म्हणजे खेळाच्या जागी, आणी आणि बांकावर उभा करी. नाटक संपेपर्यंत सगुण त्या बांकावरून उतरत नसे. आता दशावतारात देखावा म्हणून जे काही असतं ते एवढंच, एक लाकडी बांक. तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ, आणि नायिकेला मूर्च्छा आली की पडायलाही तोच. पण सगुण इंद्र असला की बांक अडलेला. मग दैत्यांच्या राजाने उभ्या उभ्या राज्य करायचं आणि नायिकेने मूर्च्छा आल्यावर जवळपास खांब शोधायचा. एका जत्रेत खांब सापडला नाही तेव्हा नायिका मृदंगवाल्याच्या मांडीवर कोसळली. नायिका झालेला गडी दिवसा नारळाची पोती वाहणारा होता. मृदंगवाला नंतर आठवडाभर कमरेला तेल चोळत होता.

तरी लोक हे सगळं चालवून घेत, आणि त्याला कारण एक पाखरू.

सगुणाच्या मुकुटावर एक अख्खं पाखरू बसवलेलं होतं. अंग तपकिरी, डोकं पिवळं, गळ्याला अशी हिरवी झाक की दिवा हलला की तीही हलायची. आणि दोन्ही बगलांतून निघालेला सोनेरी पिसांचा झुपका, एवढा लांब आणि एवढा हलका की कुणी शेजारी खोकलं तरी तो थरथरायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो झुपका हलायला लागला की मांडासमोरच्या बायका पोरांना दूध पाजायचं विसरायच्या. वाक्यं काय, कुणीही पाठ करील. हे पाखरू मात्र साऱ्या पेडणे महालात दुसरं नव्हतं.

ते सगुणाच्या बापाने, महादेवाने, तिमोरहून आणलं होतं. पोर्तुगीजांच्या राज्यात महादेव एका काप्तानाचा स्वयंपाकी होता. काप्तानाची बदली त्या टोकाच्या बेटावर झाली तेव्हा आपली भांडी जशी नेली तसा त्याने महादेवही नेला. महादेव परत आला तो एक पत्र्याची ट्रंक, हिवताप आणि हे पाखरू घेऊन. तिथल्या एका चिनी दुकानदाराकडून त्याने ते मिळवलं होतं. पाखरू आणखी पलीकडच्या रानातलं. ते त्याने गावात सगळ्यांना उलटं करून दाखवलं. पोटाखाली पाय नव्हते. जिथे पाय असायचे तिथे नुसती मऊ पिसं.

"हा स्वर्गातला पक्षी," महादेव सांगायचा. "ह्याका पांयच नाय. जन्मता आकाशात, दव पिता, आकाशातच मरता. मेल्यार मगे खाली पडता."

शाळेचे मास्तर म्हणाले होते की असलं पाखरू आपल्याही रानात असतं, लांब पांढऱ्या शेपटीचं. महादेवाने विचारलं, "त्याका पांय आसत?" मास्तर म्हणाले, असतात. "मगे तो वेगळो," महादेव म्हणाला आणि शिक्षणखात्याचा विषय तिथेच संपला.

देवांचे पाय भुईला टेकत नाहीत, हे पुराण ऐकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आणि इथे तर पायच नसलेलं पाखरू. दशावतार मंडळीच्या मालकाने त्याच वर्षी महादेवाला इंद्र केलं. महादेवाने दोन अटी घातल्या: ज्याच्या डोक्यावर हे पाखरू आहे त्याने भुईला पाय लावायचा नाही, आणि पाखराची पिसंही कधी भुईला लागता कामा नयेत. लागली तर इंद्राचं राज्य गेलं. महादेव वारला, सगुण बांकावर चढला, आणि अटी तशाच चालू राहिल्या.

दिवसा सगुण काजूच्या बागेत बोंडू गोळा करायचा, फेणीच्या भट्टीवर राबायचा, आणि बायकोची बोलणी खायचा. बायकोचं नाव भाग्यलक्ष्मी, जीभ कोयत्यासारखी. महादेव एक गोष्ट सांगायचा ती तिने लग्न झाल्या वर्षीच ऐकून ठेवली होती. या पाखरांत नटतो तो नर. मादी आपली चिमणीसारखी मातकट. नर तिच्यापुढे फांदीवर उलटा लोंबतो, पिसं फुलवतो, ओरडतो, नाचतो. ती बसून बघते आणि नाही आवडला तर उडून जाते.

सगुण सोप्यावर बसून मऊ कुंचल्याने झुपका विंचरायला लागला की भाग्यलक्ष्मी आतून म्हणायची, "आयकलात, इंद्रदेवानु? तेची बायल उडून तरी जाता. माका पंख नाय म्हणून हांगा रवलंय."

"तुका कळाचा नाय गो," सगुण म्हणायचा.

"माका सगळा कळता. परसात लाकडां पडली आसत. थंय पाठीर घेवक कोण येवचो नाय, पांय लावकच लागतले."

यावर त्याची आई विमला दारात बसून पान चघळत हसायची. ती फार बोलत नसे. तिच्या कनवटीला पानाची चंची, चंचीत आडकित्ता, आणि दिवसभर सुपारी कातरण्याची करकर. पाखराचं काही निघालं की मात्र ती करकर थोडी जोरात व्हायची.

आणि मग गोवा घटकराज्य झालं.

सत्त्याऐंशीचा मे महिना संपत आला होता. पणजीत झेंडे, बँड, भाषणं झाली. त्याचे तुकडे मग तालुक्यातालुक्यात वाटायला मंत्री निघाले. पेडण्याच्या मैदानावर समारंभ ठरला आणि तो गोकुळदासने अंगावर घेतला. गोकुळदास म्हणजे पार्सेचा पुढारी, जत्रेच्या कमिटीचा मुख्य, आणि जिथे माईक दिसेल तिथे उभा राहणारा. आदल्या वर्षी भाषेचं रण पेटलं होतं तेव्हा त्याने मराठीसाठी रस्त्यावर टायर जाळले होते. टायर जाळताना शिव्या मात्र कोकणीतून दिल्या होत्या, कारण दुसऱ्या भाषेत त्याला येत नव्हत्या. आता कोकणीचा कायदा झाला, राज्य झालं, आणि गोकुळदासला एकदम सगळ्याच भाषा प्रिय झाल्या. ज्या मंत्र्याचा पुतळा त्याने पेटवला होता त्याच्याच सत्कारासाठी तो आता दारोदार फिरत होता, आणि त्याच्या कपाळावर लाज नावाची एक सुरकुती नव्हती.

तो सगुणाच्या सोप्यावर येऊन बसला.

"सगुण, मंत्री येतलो. तुमचो इंद्रदरबाराचो प्रवेश करूया."

"करूया की, गोकुळदासबाब," सगुण फुलला.

"आनी एक. सत्काराक फेटो बांधतत तो जुनो झालो. आता राज्य झाला. राज्याक राजा होयो. मंत्र्याच्या डोक्यार मुकुट चडवूया. तुजो."

सगुणाच्या हातातला कुंचला थांबला. "म्हापशात मिळतत की मुकुट."

"ते पुठ्ठ्याचे! माका पाखरू होया. फोटोपुरतां. चडवलो, फोटो काडलो, देवयलो."

"नाय जमाचा."

गोकुळदासने पानाचं ताट पुढे ओढलं आणि शांतपणे चुना लावला. "बरां. आमचो रुद्रेश आसा. माजो भाचो. नाचता बरो, बांक लागना नाय, पाठीर घेवची गरज नाय. दिवाळीनंतर जत्रांक तोच इंद्र करूया. कमिटी म्हणजे शेवटी कोण रे? हांवच मरे."

आता सगुणाचं दुखणं नीट समजून घ्यायला हवं. त्याला नाचता येत नव्हतं. लढाईचा पवित्रा येत नव्हता. लहानपणापासून त्याने इंद्र पाहिला तो बांकावर खिळलेला. त्याचं सारं कसब कमरेच्या वर: मान किती वळवली की झुपका किती हलतो, एवढंच. पाखरू गेलं किंवा बांक गेला की सगुण इंद्र नव्हता, कुणीच नव्हता, भट्टीवरचा एक गडी होता. रुद्रेश नाचताना त्याने पाहिला होता. चांगला नाचायचा मेला.

"फोटोपुरतां," सगुण हळूच म्हणाला. "आनी मंत्र्याक बांकार उभो करूक लागतलो. भुंयेक पांय लागता नये."

"बांकार काय, माडार चडोवया," गोकुळदास म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर भाग्यलक्ष्मी बाहेर आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, टोमणा तोंडाशी आला होता तो गिळला आणि म्हणाली, "परत देतलो मां तो?"

सगुण झुपका विंचरत राहिला. विमलेच्या आडकित्त्याची करकर पार विहिरीपर्यंत ऐकू जात होती.

समारंभ दुपारी चारला होता. दशावतार हा रात्रीचा खेळ. दिवसाच्या उन्हात देव कसे दिसतात हे देवांनाही बघवणार नाही. शाळेच्या वर्गात मंडळी रंगत होती आणि रंग घामाबरोबर गळ्यात उतरत होता. नारदाची दाढी सुटली होती. पायपेटीवाला बाबली भात्याने स्वतःलाच वारा घालत होता.

मंडळीतला नेहमीचा वाहणारा गडी तापाने पडला होता. म्हणून मांडव घालायला आलेल्या मजुरांतून एकाला बोलावलं. केरबा त्याचं नाव, कोल्हापूरकडचा. आधी पाळीच्या खाणीवर ट्रक भरायचा, आता मांडव बांधायचा. तालमीत कमावलेलं अंग, कानाच्या पाळ्या चेपलेल्या. त्याला सगुणाने सगळा नियम समजावला.

"म्हंजी तुमी चालायचं न्हाई?" केरबाने विचारलं.

"नाय."

"पाय तर धडधाकट दिसत्यात."

"नियम आसा. आनी ह्या पाखराचां पीस भुंयेक लागता नये. काय झाला तरी. तू पडलंस तरी चलात, हांव पडलंय तरी चलात, पीस पडता नये."

"काय झालं तरी?"

"काय झाला तरी."

"न्हाई पडू देत," केरबा म्हणाला आणि पाठ वाकवली. "बसा देवा. पर त्यो रंग माज्या मानंला लावू नगा. आयला, देव म्हनायचं आनि वजन साकरंच्या पोत्याचं."

मंत्री साडेपाचला आला. तोवर मैदानावर बायका, म्हातारे, शाळेतून हाकून आणलेली पोरं उन्हात करपत बसली होती. सगुण बांकावर उभा होता, मुकुटासकट. झुपका वाऱ्यावर हलत होता आणि लोक मंत्र्याच्या गाडीची धूळ बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते. सगुणाला वाटलं, हे राज्य रोज व्हावं.

मंत्री उतरला. पांढरी पँट, पांढरा बुशकोट, आणि पोट दोघांच्याही पुढे. हार झाले, नारळ झाले, आणि गोकुळदासने खूण केली. केरबाने मंत्र्याला काखेत धरून बांकावर चढवलं. सगुणाने दोन्ही हातांनी मुकुट उतरवला आणि त्या घामेजलेल्या टकलावर ठेवला. बोडक्या डोक्याने तो बांकाच्या एका टोकाला सरकला, कारण मंत्र्याला मधे जागा जास्त लागत होती.

फोटो निघाले. मंत्र्याने मान हलवली, झुपका हलला, लोकांनी आ केला. मंत्र्याने पुन्हा मान हलवली. ही चव सगुणाला माहीत होती. एकदा लागली की सुटत नाही.

मंत्र्याने माईक मागून घेतला. "बंधू आणि भगिनींनो, आज आपला गोवा आपल्या पायांवर उभा राहिला आहे!" तो बांकावर उभा होता आणि मागून केरबा त्याच्या कमरेला टेकू देत होता. "आता आपल्याला कुणाच्या खांद्याची गरज नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकी काय करणार, उन्हात तेवढाच व्यायाम.

मग गोकुळदासने माईक घेतला. माईक हातात आला की गोकुळदासचं तोंड आणि डोकं यांची फारकत होते. तो नव्या राज्याबद्दल बोलला, जुन्या राज्याबद्दल बोलला, आणि बोलता बोलता भरात येऊन म्हणाला, "हा स्वर्गीय मुकुट, आमच्या पार्सेवासीयांच्या वतीने, मंत्रीमहोदयांना कायमचा अर्पण!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगुणाने गोकुळदासकडे बघितलं. गोकुळदासने आकाशाकडे बघितलं.

"गोकुळदासबाब," सगुण दबक्या आवाजात म्हणाला, "फोटोपुरतां म्हटला होतास."

"गप रव. लोक बघतत. तुका दुसरो करून देतंय. मोराची पिसां लावन."

मंत्री खूश होता. बंगल्यावर काचेच्या कपाटात ठेवीन म्हणाला. मुकुट मात्र डोक्यावरून काढीना. पुढचा समारंभ मोरजीला होता, तिथेही फोटो होते. तो उतरायला निघाला तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, "पांय! पांय लावू नका भुंयेक!"

मंत्री एक पाय अधांतरी धरून थांबला. गोकुळदासने कानात नियम सांगितला. सगुणाला क्षणभर आशा वाटली: आता तरी वैतागून मुकुट काढील. पण मंत्र्याचा चेहरा उजळला. भुईला पाय न लावता चालायचं, हे कुठल्या मंत्र्याला नको असतं? त्याने दोन्ही हात पसरले आणि केरबाच्या पाठीवर असा बसला जणू जन्मभर हेच करत आला आहे. करतच आला होता म्हणा.

केरबा गाडीच्या दिशेने निघाला. पाठीवर मंत्री, मंत्र्यावर पाखरू, बाजूने गोकुळदास.

सगुण बांकावर उभा. अंगावर इंद्राचा झगा, तोंडाला रंग, डोकं बोडकं. झुपका लांब लांब जात होता.

भाग्यलक्ष्मी गर्दीतून धावत आली. "उतरा! उतरा आदीं! धरा तेका!"

"झगो आसा गो अंगार. पांय कसो लावू?"

"घो माजो मेलो खुळो," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि रडायच्या बेताला आली. आजवर ती त्या पाखरावर कधी चांगलं बोलली नव्हती. पण घरात आपल्या नवऱ्याला उजळवणारी तेवढीच एक वस्तू आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात तिच्या मागून विमला आली. म्हातारी कधी नव्हे ती घाईने चालत होती. तिने चंची सोडली, चुन्याची डबी आणि आडकित्ता बाजूला केला, खालून एक कापडाची पुरचुंडी काढली आणि सगुणाच्या पायाशी बांकावर उलगडली.

आत दोन सुकलेले पाय होते. कावळ्याच्या पायांएवढे, काळसर, नख्या आत वळलेल्या.

"ह्या कितां, आये?"

"पाखराचे पांय."

सगुणाला समजेना. विमलेने आडकित्ता उचलून दाखवला. "ह्याच आडकित्त्यान कापले तुज्या बापसान. न्हाणयेत बसून. आनी हांवें दिवो धरलो."

"पण बापूस म्हणी, ह्याका पांयच नाय…"

"ह्याका आसले. तुज्या बापसाचोच एक बरो नासलो," विमला म्हणाली. "तिमोरात दारूचां पीप पांयार पडला. लंगडत आयलो. तू ल्हान होतंस, तुका काठी आठयता, कारण आठयना नाय. मंडळीचो मालक म्हणालो, लंगडो इंद्र खंय आसता रे? लोक हासतले. रातभर रडलो तुजो बापूस. सकाळीं उठलो आनी म्हणालो, विमला, आडकित्तो दी. काप्तान सांगी होतो, पूर्वी गोरे लोक ह्या पाखराक पांयच नसतत अशें मानीत. जें गोऱ्यांनी मानलां तें पार्सेकार मानचे नाय?"

"आनी तू गप रवलंस? इतकीं वर्सां?"

"माका कोणे विचारलां?" म्हातारी म्हणाली. मग पदर सावरून, "आनी इंद्राची बायल जावक कोणाक नाका?"

सगुणाने ते पाय हातात घेतले. आता एवढंच होतं: धावत जाऊन हे ओरडून सांगितलं तर मंत्री पाखरू टाकील. असल्या लोकांना मेलेल्या गोष्टींची फार भीती. पण सांगायचं म्हणजे साऱ्या पेडण्यापुढे सांगायचं. बाप खोटा, नियम खोटा, बांक खोटा. मग पाखरू परत येईल, पण ते नुसतं पेंढा भरलेलं पाखरू असेल. आणि आपण? तेही सगळ्यांना दिसेल.

गाडीचं दार उघडलेलं दिसलं. झुपका आत मावत नव्हता, म्हणून ड्रायव्हर टपाकडे बघत विचार करत होता.

सगुणाने उडी मारली.

इंद्राचे पाय पहिल्यांदा भुईला लागले आणि लोकांच्या तोंडून "गे बाये!" असा एकच आवाज निघाला. झगा दोन्ही हातांनी वर धरून, खाली चड्डीचे पाय दाखवत इंद्र पळत सुटला. मांडवाचा एक खिळा तळपायात घुसला. सगुण कळवळला, वाकून तो उपटला आणि तसाच पुढे धावला.

"मंत्रीसायब! थांबा! ते स्वर्गातलां नाय!" त्याने हात वर केला. हातात पाय. "हे बघा पांय! माज्या बापसान कापले, आडकित्त्यान! पांय आसले तेका! तुमच्या डोक्यार मेल्लां पाखरू आसा, तिमोरचां! चिनी दुकानदाराकडसून हाडलेलां! सगळां खोटां! बापूस लंगडो होतो म्हणून बांक, नायतर कसलो नियम नाय नी काय नाय!"

बाबलीचा भातासुद्धा थांबला.

मंत्र्याला तोवर तो मुकुट रेशमाचा, प्लास्टिकचा, सरकारी हस्तकलेचा, असा कसलातरी वाटत असावा. इतका वेळ शुद्ध मराठीत चाललेला मंत्री एकदम आईच्या भाषेवर आला.

"मेल्लें सुकणें? म्हज्या माथ्यार?"

आणि डोक्यावर पाल पडल्यावर माणूस जसा झटकतो तसा त्याने मुकुट झटकला.

मुकुट उडाला. सोनेरी झुपका हवेत उघडला. त्या पाखराने इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक उड्डाण घेतलं म्हणायला हरकत नाही. खाली लाल माती होती.

केरबाला दुपारपासून एकच गोष्ट सांगितली होती, आणि कोल्हापूरचा गडी एकदा शब्द दिला की दिला. त्याने मंत्र्याचे धरलेले दोन्ही पाय सोडले, पुढे झेप घेतली आणि मुकुट वरच्यावर झेलला. एक पीस भुईला लागू दिलं नाही.

मंत्री मात्र लागला. चांगलाच, बसता.

"काय झालं तरी म्हनला हुता न्हवं?" धापा टाकत केरबा म्हणाला आणि मुकुट सगुणापुढे धरला.

मग जो हशा उठला तो आधी पोरांचा, मग बायकांचा, मग पोलिसांचासुद्धा. आपल्या पायांवर उभ्या राहिलेल्या गोव्याच्या मंत्र्याला उठवायला चार माणसं लागली. पांढऱ्या पँटच्या मागच्या बाजूला पेडण्याची तांबडी माती नीट उमटली होती. गाडी निघाली. गोकुळदास तिच्या मागे धावला, "सायब, हांव तेका बघून घेतंय," असं ओरडत, आणि मोरजीच्या वळणापर्यंत धावतच गेला असं सांगतात. त्याने दिवाळीनंतर काय बघून घ्यायचं ते घ्यावं. आज मैदान त्याच्या हातात नव्हतं.

सगुण मुकुट हातात घेऊन उभा होता. भुईवर. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि हशा हळूहळू विरत चालला होता. त्याला वाटलं, आता हसतील ते मला. बापसाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. त्याला वाटलं, ही शिव्या देणार.

"रे सगुणा," ती म्हणाली, "आमी दुपारपासून बसल्यांव. सोंग करतलंस की घरा जाव?"

"पांय आसले जाल्यार चलान दाखय!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाबलीने वाट बघितली नाही. पायपेटीवर इंद्राच्या प्रवेशाचा सूर धरला. मृदंग घुमला.

सगुणाने मुकुट डोक्यावर चढवला आणि निघाला. इंद्र कसा चालतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. शिवाय खिळ्याचा पाय ठणकत होता. एक पाऊल पूर्ण, दुसरं अर्धं, मधे एक झोक. आणि त्या झोकाबरोबर वरचा झुपका असा उसळायचा, असा एका बाजूला कलून पुन्हा सावरायचा, की बांकावर उभं राहून मान वळवून वळवून तो कधी एवढा फुलला नव्हता. बायका पुन्हा पोरांना दूध पाजायचं विसरल्या.

मांडावर बांक आज मोकळा होता. विमला त्यावर जाऊन बसली. भाग्यलक्ष्मी तिच्या शेजारी टेकली. नवऱ्याचा इंद्र तिने जन्मात पहिल्यांदा बसून बघितला. नेहमी ती मागे उभी असायची, बांक अडलेला असायचा.

"तस्सो," विमला पुटपुटली. तिच्या हातातला आडकित्ता थांबला होता. "तस्सोच चलतालो. घरात. कोणी बघीत नासलां तेन्ना."

सगुण झोक खात समोरून गेला. जाता जाता त्याने बांकाकडे, म्हणजे बायकोकडे, एक नजर टाकली आणि कारण नसताना झुपका जास्तीचा हलवला.

"नटता बघ कसो," भाग्यलक्ष्मी म्हणाली. पण उठली नाही.

इंद्राने वाटेत ते सुकलेले पाय आईच्या मांडीवर टाकले होते. म्हातारीने ते सुनेच्या हातात दिले. "हे शिवून टाक पाखराक. फाल्यां सकाळीं."

"काळ्या दोऱ्यान?"

"काळ्या. आनी घट्ट शीव. आता तेका चलचां आसा."